पंचवीस टक्क्यांचे पेढे

सरकारी दवाखान्यातून पोरगा दिव्यांग असल्याचा कागद आणला म्हणून गल्लीभर पेढे वाटणारी बाई रायपुरात आजवर एकच झाली असेल. गुढियारीच्या पद्मिनीबाई खोब्रागडे. बाकीचे लोक असला कागद घडी करून कपाटात सारतात आणि पाहुणे आले की विषय बदलतात. या बाईंनी दवाखान्यातून निघाल्या निघाल्या गल्लीतल्याच भैय्यालालची ई-रिक्षा गोल बाजाराकडे वळवायला लावली, पेढ्यांचा मोठा डबा घेतला आणि गल्लीच्या तोंडापासून सुरुवात केली.

"घ्या, तोंड गोड करा! माह्या दीपूले पंचवीस टक्केच निघालं. डॉक्टरनं लिहून देल्लं. म्हंजे बारा आणे शहाणा आहे माहा पोट्टा. अन् तुम्ही सारे त्याले येडा समजून राहिले होते!"

गल्लीत निम्मे लोक मराठी, निम्मे छत्तीसगढी. बाई सगळ्यांशी मराठीच बोलत, लोक हिंदीत उत्तर देत, आणि कोणाचं काही अडत नसे. "बहुत बढ़िया, आंटी" म्हणत लोकांनी पेढे घेतले. दार लावल्यावर ते काय म्हणाले ते त्यांचं त्यांना ठाऊक, कारण बाईंच्या तोंडावर बोलायची तिथं कोणाची टाप नव्हती. दीपू म्हणजे त्यांचा मुलगा यशदीप. चाळिशीला टेकलेला, अंगानं भरलेला, चेहरा सदा हसरा. तो आईच्या मागे डबा धरून चालत होता. कोणी पेढा उचलला की त्यालाच आनंद व्हायचा.

आता तुम्ही म्हणाल, बाईला काही समज नव्हती का? होती. चांगली होती. पण तिची गोष्ट मुळापासून ऐकल्याशिवाय ते पेढे तुमच्या घशाखाली उतरायचे नाहीत.

पद्मिनीबाई मूळच्या भंडाऱ्याकडच्या. लग्न करून रायपूरला आल्या त्या रेल्वेच्या क्वार्टरात. नवरा धर्मपाल मालगाडीवर गार्ड. माणूस कमी बोलणारा, वर्दीची इस्त्री मोडू न देणारा. पहिली मुलगी मोनाली. तिच्या पाठचा दीपू. हे पोर उशिरा रडलं, उशिरा बसलं, आणि बोलायचं म्हणाल तर शाळेत घालायचं वय झालं तरी चार शब्दांवर गाडी अडलेली. एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "मुलगा मंद आहे, फार अपेक्षा ठेवू नका."

"अपेक्षा मी ठेवीन," बाई म्हणाल्या. "तुम्ही औषध लिवा."

तेव्हापासून त्यांनी एकच धरून ठेवलं. आपल्या पोराचं उणं कोणाच्या डोळ्यांना दिसू द्यायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. सासरच्यांनी नाकं मुरडली, शेजारणींनी गंडेदोरे सुचवले, आणि बाईंनी दोघांनाही असं झापलं की पुन्हा तो विषय निघाला नाही.

दीपूला शब्द लागत नसत. रस्त्याकडे धावला की "थांब, थांब" म्हणून घसा कोरडा करा, पोरगा आपला सुटलेला. एक दिवस असाच ट्रकसमोर निघाला आणि ड्यूटीवरून येणाऱ्या धर्मपालनं समोरून ते पाहिलं. त्या माणसाच्या तोंडून आवाज फुटेना. हातात होती ती लाल झेंडी त्यानं वर केली. दीपू जागच्या जागी उभा. क्वार्टरासमोरून जाणाऱ्या गाडीच्या शेवटच्या डब्यातून झेंडी दाखवणारा बाप त्या लेकरानं रोज पाहिला होता. बोलणं त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं, झेंडी मात्र पक्की शिरली होती.

मग काय, खोब्रागड्यांच्या घरात रेल्वेचाच कायदा लागू झाला. बाईंनी गोल बाजारातून कापड आणून रुमाल शिवले, हिरवे आणि लाल. हिरवा दाखवला की दीपू दात घासायला लागणार, लाल दाखवला की थांबणार. हिरव्यावर आंघोळ, हिरव्यावर जेवण, लालवर पुरे. मोठा झाल्यावर तो किराणा आणायला दुकानात जाई. लोकांना वाटे, वा, एकटा येतो. एकटा कुठला! कोपऱ्यावर विजेच्या खांबाला टेकून आई उभी असायची, कमरेला खोचलेला हिरव्या रुमालाचा कोपरा दोन बोटांनी बाहेर ओढून. हे तिनं कोणाला सांगितलं नाही. मदत करतोय असं तिला वाटतच नव्हतं म्हणा ना. श्वास घेतो ते कोणी सांगत फिरतं का?

धर्मपाल निवृत्त झाले, गुढियारीला दोन खोल्यांचं घर बांधलं आणि थोड्याच वर्षांत गेले. बाईंना विधवेची पेन्शन सुरू झाली. मोनाली लग्न होऊन भिलाईला. "आई, तुझ्यामागे मी बघीन त्याला," असं ती मनापासून म्हणायची. बाई म्हणायच्या, "पाहशीनच. पण त्यानं कोणाच्या दयेवर काहून जेवाव? त्याच्या हक्काचं त्याच्या नावावर पाहिजे."

यंदाच्या उन्हाळ्यात बाईंना चक्कर आली आणि त्या स्वयंपाकघरात पडल्या. पुढे काय झालं ते त्यांनी लेकीलाही पुरतं सांगितलं नाही. पण दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी गुलाबरावांना बोलावणं धाडलं. गुलाबराव नवऱ्याचे दोस्त, रेल्वेच्या हापिसात पेन्शनच्या टेबलावर नोकरी केलेले, निवृत्तीनंतर सगळ्या वस्तीची कामं मोफत करणारे.

"जय भीम, वहिनी. एवढं घाईचं काहून बोलावलं?"

"जय भीम. भाऊजी, मी गेल्यावर पेन्शनीचं काय होते?"

"तुमच्यासंगं बंद होते. पण पोट्टा दिव्यांग असंल अन् कमवू शकत नसंल, तर त्याले जन्मभर भेटते. कायदाच आहे तसा. दवाखान्यातून प्रमाणपत्र काढा अन् तुमच्या हयातीतच त्याचं नाव चढवून घ्या. मागून लेकरानं कोणाच्या दारात उभं राहायचं?"

इथवर सगळं ठीक. पण गुलाबराव एक गोष्ट सांगायची विसरले, आणि बाईंनी विचारली नाही. तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

रेल्वेच्या माणसाला साहेब तपासायला येणार म्हटलं की एकच गोष्ट सुचते. चुना मारा. मोठ्या साहेबाचा मुआयना, म्हणजे तपासणी, असली की रुळाशेजारच्या दगडांनाही पांढरा रंग लागतो, बादल्या ओळीत बसतात, वर्दी कडक होते. पद्मिनीबाईंचा सगळा संसार अशा मुआयन्यांतून गेलेला. दवाखान्यातले डॉक्टर पोराला तपासणार म्हटल्यावर त्यांनीही तेच केलं. दीपूची दाढी गुळगुळीत, बापाचा पट्टा, इस्त्रीचा शर्ट. रोज सकाळी तालीम. नाव काय, बापाचं नाव काय, हा रंग कोणता.

तपासणीच्या दिवशी दवाखान्यात शिबिराची गर्दी. तपासणाऱ्या माणसानं विचारलं आणि बाईंनी सांगितलं. दात स्वतः घासतो? घासते. आंघोळ? करते. बाजारातून सामान? आणते ना! लाकडी तुकडे खाचांत बसवायला दिले, तेही दीपूनं एकेक करून बसवले. बाईंच्या मुठीतून हिरव्या कापडाचा कोपरा दर तुकड्याला बाहेर येत होता, हे त्या गर्दीत कोणाला दिसणार? त्या बिचाऱ्यानं जे ऐकलं, जे पाहिलं, ते लिहिलं. पंचवीस टक्के. मुआयना पास!

पेढा हातात घेऊन गुलाबरावांनी कागद वाचला. पेढा हातातच राहिला.

"वहिनी, हे काय करून आणलं?"

"काहून? चांगलं नाही का?"

"अवं, चाळीसच्या खाली कोणतीच योजना लागू होत नाही. अन् पेन्शनसाठी तर पोट्टा आपल्या भरवशावर जगू शकत नाही असं निघालं पाहिजे. तुम्ही तर त्याले पास करून आणलं!"

"मंग काय नापास करून आणू?"

"हव," गुलाबराव मान डोलावत म्हणाले.

बाईंचा पारा चढला. "पेढा ठेवा खाली अन् निघा इथून! अख्खा जन्म म्या या पोराले उभं केलं, अन् तुम्ही म्हणता त्याले माह्याच हातानं पाडू?" गुलाबराव बिचारे पेढा डब्यात ठेवून निघाले. बाईंनी त्यांच्यामागे दार आपटलं. मग डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला, आणि त्या दिवशी घरात कोणाशी बोलल्या नाहीत. कोणाशी म्हणजे दीपूशीच. दुसरं होतंच कोण.

पण राग आला म्हणून खरं काही खोटं होत नाही. विहारातल्या पौर्णिमेच्या वंदनेला गुलाबराव कोपऱ्यात बसले होते, तिथं बाई स्वतःहून जाऊन उभ्या राहिल्या. "भाऊजी, फेरतपासणीचा अर्ज कसा लिवतात?" एवढंच म्हणाल्या. माफी वगैरे मागणं त्यांच्या खानदानात नव्हतं. गुलाबरावांनीही खिशातून पेन काढलं आणि अर्जच लिहायला घेतला. शहाणा माणूस.

फेरतपासणीला या वेळी तपासणाऱ्या विनीता मॅडम होत्या. पुण्याकडच्या, नोकरीनिमित्त रायपुरात आलेल्या. मराठी बाई बघून पद्मिनीबाईंना हायसं वाटलं आणि तिथंच सवय आडवी आली. घरून ठरवून आल्या होत्या की खरं सांगायचं, पण तोंडाला चाळीस वर्षांचं वळण.

"दात स्वतः घासतो?"

"घासते."

"आंघोळ?"

"तेही करते."

"जेवण?"

"पोळी, वरण-भात, सगळं आपल्या हातानं."

विनीता मॅडमनी पेन खाली ठेवलं. "काकू, तो दात घासत असतो तेव्हा तुम्ही कुठे असता?"

"तिथंच. मोरीच्या दारात."

"आणि तुम्ही नसलात तर?"

"नसले तर म्हंजे? मी कोठी जाईन?"

"बरं. आंघोळीच्या वेळी कुठे असता?"

"दाराशी."

"नसलात तर?"

"ओ मॅडम," बाई उसळल्या, "तुमची गाडी त्या एकाच ठेसनावर काहून थांबून राहिली?"

"कारण मला त्याचंच उत्तर लिहायचंय," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही काय करता ते मला दिसतंय, काकू. तो काय करतो ते दिसत नाहीये."

दीपू शेजारी बसून पंख्याकडे बघत हसत होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे, आणि कोणालाच न सांगितलेली ती गोष्ट तिथं, एका अनोळखी पोरीसमोर, त्यांच्या तोंडून बाहेर पडली.

"उन्हाळ्यात मी पडले ना, मॅडम. त्याचं ताट वाढलं अन् चक्कर आली. शुद्धीवर आले तेव्हा ऊन पार मागच्या भिंतीवर गेलं होतं. ताट तसंच. भातावर माशा बसलेल्या. अन् हा समोर बसून माह्या हाताकडे पाहून राहिला होता. भुकेनं डोळ्यांतून पाणी गळून राहिलं होतं त्याच्या. पण घास नाही उचलला. शेजारी हाक नाही मारली. माय पडली, तिले उठवाव, तेही नाही सुचलं."

"का?"

बाईंनी कमरेचा रुमाल काढला आणि टेबलावर ठेवला. "याच्यासाठी."

मग झेंडी, ट्रक, कोपऱ्यावरचा खांब, सगळं सांगितलं. मागच्या वेळच्या लाकडी तुकड्यांचंही सांगितलं. एकदा मूठ उघडली म्हटल्यावर बाईंनी आत काही ठेवलं नाही. विनीता मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हा रुमाल इथेच राहू द्या. तुम्ही बाहेर बाकावर बसा. मी बोलावेपर्यंत आत यायचं नाही."

दार अर्धं उघडं होतं. तेच लाकडी तुकडे दीपूसमोर आले. त्यानं एक उचलला आणि आईच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. हात तसाच हवेत. मॅडमनी समजावलं, करून दाखवलं. हात हवेतच. खोकावं, बांगड्या वाजवाव्या, नुसतं दारात जाऊन उभं राहावं, असं काय काय बाईंच्या मनात येऊन गेलं. पोटच्या पोराला नापास होताना बघायचं, आणि वरून ते तसंच व्हावं अशी आशा धरून बसायचं! असली परीक्षा वैऱ्यावरही येऊ नये. आतून एकदा "आई" अशी हाक आली. बाईंनी पदर दातांत धरला आणि बाकाची कड सोडली नाही. आयुष्यात त्या हाकेला त्या पहिल्यांदाच उठल्या नाहीत.

शेवटी विनीता मॅडम दारात आल्या. "झालं, काकू. आता दोघांनी वरच्या मजल्यावर डॉक्टरांना भेटायचं, मग सुटलात."

बाईंनी उठायला पाहिलं. उठवेना. पुन्हा जोर केला, पुन्हा बसल्या. तेवढ्यात दीपू मॅडमच्या बाजूनं बाहेर आला. टेबलावरचा रुमाल त्यानं उचलून आणला होता, कोणी न सांगता. तो आईसमोर उभा राहिला. तिच्याकडे पाहिलं, तिच्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. मग गाडीच्या शेवटच्या डब्यातून बाप करायचा तसा हात खांद्यापासून वर नेला आणि हिरवा रुमाल हलवला.

"चल," दीपू म्हणाला.

आणि बाई उठल्या.

"अरे माह्या बाप्पा! हे आत काहून नाही केलं रे!" त्या एवढ्यानं ओरडल्या की रांगेतले लोक वळून पाहायला लागले. मग जीभ चावली, आवाज खाली आणला. "नाही नाही. बरं केलं. आत नाही केलं ते बरंच केलं." त्या हसत होत्या आणि डोळे गळत होते, दोन्ही एकदमच. मॅडमकडे वळून घाबरून म्हणाल्या, "आता हे पण लिवसान का?"

"लिहीन," विनीता मॅडम म्हणाल्या. "आईला उठवतो, असं लिहीन. त्यानं टक्के कमी होत नाहीत, काकू."

टक्के पंचाहत्तर आले. पुढची धावपळ गुलाबरावांची. रेल्वेच्या हापिसात त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं आता साहेब झाली होती, तरी गुलाबराव रांगेत उभे राहिले आणि नियमानंच काम करून आणलं. पेन्शनच्या कागदावर बाईंच्या नावाखाली नाव चढलं, यशदीप धर्मपाल खोब्रागडे. सांभाळणारी म्हणून बहीण मोनाली. गुलाबराव तो कागद घेऊन घरी आले तेव्हा दीपू ओट्यावर बसला होता. त्यानं कागद पाहिला, त्यावरचा शिक्का पाहिला, आणि त्याचा चेहरा फुलला.

"पेढा," तो म्हणाला.

बरोबरच होतं त्याचं. मागच्या वेळी शिक्क्याचा कागद आला तेव्हा पेढे आले होते. गुलाबराव चाचरले. "अरे बाबू, हा तसला कागद नाही..."

"थांबा, भाऊजी," बाई म्हणाल्या. त्यांनी चपला पायात सरकवल्या. "भैय्यालालले आवाज द्या. गोल बाजारात जाऊन येतो आम्ही."

पेढे आणले, आणि सोबत हिरवं कापडही आणलं. ओट्यावर बसून कात्रीनं त्याचे तुकडे केले. मग गल्लीच्या तोंडापासून, पुन्हा त्याच दारापासून, सुरुवात केली. पहिलं दार शर्मिष्ठाचं. ती चेष्टेनं म्हणाली, "क्या आंटी, इस बार और कम हो गया क्या?"

"कमी नाही, वाढलं. पंचाहत्तर," बाई म्हणाल्या, आणि आवाज जराही खाली आणला नाही. "माह्या दीपूले आपलं आपण जमत नाही, शर्मिष्ठा. ताट समोर असलं तरी उपाशी बसते. आजवर म्या तुमच्यापासून लपवलं. चुकलं माहं. हे कापड ठेव. मी दिसले नाही ना एखाद दिवशी, तर दार लोटून आत ये अन् त्याले हे दाखव. मंग तो जेवते."

शर्मिष्ठाचं हसू विरलं. तिनं तुकडा दोन्ही हातांनी घेतला. असंच दुसरं दार, असंच तिसरं. प्रत्येक पेढ्यामागे एक हिरवा तुकडा, आणि तेच बोलणं, न लाजता, न रडता. मागच्या वेळी दार लावून कुजबुजलेली माणसं या वेळी दारं उघडी ठेवून उभी होती.

शेवटी राहिला भैय्यालाल. त्यानं पेढा तोंडात टाकला, कापड हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. "सिरतोन चलही का, अम्मा?" म्हणजे खरंच चालेल का.

"पाहून घे ना!"

भैय्यालाल ई-रिक्षाशी जाऊन उभा राहिला आणि त्यानं हात वर करून तो तुकडा हलवला. दीपूनं मान वळवली. एक क्षण थांबला. मग ओट्यावरून उतरला, सरळ चालत गेला आणि मागच्या सीटवर नीट बसला. आईकडे वळूनही पाहिलं नाही त्यानं.

बाईंना ते जरा लागलं. लागणारच. पण बरं त्याच्याहून जास्त वाटलं. त्यांनी डब्यातला उरलेला पेढा स्वतःच्या तोंडात टाकला आणि भैय्यालालला ओरडून सांगितलं, "एक चक्कर मारून आण त्याले. मी येत नाही."